व्हीएस कोडमध्ये ब्रेकपॉइंट लागत नसेल तर

ओळीच्या क्रमांकाशेजारी क्लिक केलं, ब्रेकपॉइंटचा, म्हणजे 'प्रोग्राम इथं थांबव' या खुणेचा, लाल ठिपका उमटला, डीबगिंग सुरू करायला एफ-५ दाबलं आणि प्रोग्राम त्या ओळीकडे ढुंकूनही न बघता शेवटपर्यंत पळाला. अशा वेळी पहिला विचार येतो तो एडिटर काढून पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. तेवढा वेळ वाचवा. दोष एडिटरमध्ये क्वचितच असतो.

व्हीएस कोड स्वतः कुठलाच प्रोग्राम थांबवत नाही. तो ठिपका काढतो आणि 'या फाइलीच्या या ओळीवर थांब' एवढा निरोप एडिटर आणि डीबगर (प्रोग्राम थांबवून आतून तपासणारं साधन) यांच्यातल्या दुभाष्याला, म्हणजे डीबग अ‍ॅडॅप्टरला देतो. अ‍ॅडॅप्टर भाषेप्रमाणे वेगळा: पायथनला डीबगपाय, सी++ला जीडीबीशी बोलणारं एक्स्टेंशन, पीएचपीला एक्सडीबगशी बोलणारं. तो चालत्या प्रोग्रामात ती फाइल आणि ती ओळ शोधतो आणि सापडली की नाही ते एडिटरला उलट कळवतो. या साखळीत तीन जागी गडबड होऊ शकते. डीबगर प्रोग्रामला जोडलाच गेला नाही. जोडला गेला पण त्याला ती ओळ सापडली नाही. ओळ सापडली पण प्रोग्राम तिच्यावर गेलाच नाही. तपासही याच क्रमानं करायचा. क्रम सोडून सेटिंगं बदलत बसलात तर मूळ दोष राहतो बाजूला आणि नवे दोन तयार होतात.

सेटिंगांची आणि कमांडांची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. फायलीत ती रोमन लिपीत, इंग्रजी अंकांत आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरं सांभाळून टाइप करायची. डीबगिंग कसं सुरू करायचं ते लिहिलेली लाँच.जेसन ही फाइल प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमध्ये असते.

आधी ठिपका वाचा

डीबगिंग सुरू होण्याआधी ठिपका लाल आहे याला काही अर्थ नाही. तेव्हा तो सगळ्यांचाच लाल असतो. एफ-५ दाबल्यावर, प्रोग्राम चालू असताना बघा.

भरीव लाल राहिला, तर अ‍ॅडॅप्टरला ओळ सापडली आहे. आता प्रश्न प्रोग्राम तिथं जातो का एवढाच. राखाडी आणि पोकळ झाला, तर ओळ सापडलेली नाही. माउस त्यावर नेऊन ठेवला की छोट्या चौकटीत कारण दिसतं, आणि ही चौकट न वाचणं हीच सगळ्यात महागात पडणारी घाई. 'अनबाउंड ब्रेकपॉइंट' म्हणजे जावास्क्रिप्टच्या डीबगरला ती फाइल अजून प्रोग्रामात भेटलेली नाही. 'नो सिम्बॉल्स हॅव बीन लोडेड' असं सी# किंवा सी++मध्ये आलं, तर बायनरीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत, डीबगची माहिती नाही. पायथनमध्ये 'एक्सक्लूडेड बाय फिल्टर्स' आलं, तर जस्टमायकोड हे सेटिंग आडवं आलं आहे.

राखाडी पण भरीव ठिपका ही तिसरीच गोष्ट आहे: ब्रेकपॉइंट बंद केलेला आहे. कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून डीबगचा कप्पा उघडा. तळाशी ब्रेकपॉइंट्सची यादी असते आणि प्रत्येकापुढे टिकमार्कचा चौकोन असतो. त्याच यादीच्या मथळ्यावर सगळे ब्रेकपॉइंट एकदम चालू-बंद करणारं बटण आहे. चुकून त्यावर क्लिक झालं की प्रोजेक्टमधला एकही ब्रेकपॉइंट लागत नाही आणि कारण मात्र कुठंच लिहून येत नाही.

गोल ठिपक्याऐवजी पत्त्यांतल्या चौकटसारखा तिरका चौकोन दिसत असेल तर तो लॉगपॉइंट आहे. तो थांबत नाही, कन्सोलमध्ये मजकूर छापून पुढे जातो. त्याच्याकडून थांबण्याची अपेक्षा ठेवू नका.

डीबगिंग चालू असतानाच फाइल बदलून सेव्ह केली, तरी काही भाषांत ठिपके पोकळ होतात. त्याला उपाय एकच: थांबवा आणि पुन्हा सुरू करा.

एफ-५ की नुसतं रन?

एडिटरच्या उजव्या कोपऱ्यातला त्रिकोण दाबला की प्रोग्राम चालतो, पण डीबगर जोडला जातोच असं नाही. कोड रनर हे एक्स्टेंशन विद्यार्थ्यांच्या मशीनवर हमखास असतं. कंट्रोल-आल्ट-एन किंवा त्याचा त्रिकोण फाइल सरळ टर्मिनलमध्ये चालवतो. डीबगरचा त्याच्याशी संबंधच नाही. पायथनच्या त्रिकोणाचंही तेच. त्याच्या शेजारच्या खाली वळलेल्या बाणात 'डीबग पायथन फाइल' हा वेगळा पर्याय आहे, तो निवडायचा. कंट्रोल-एफ-५ म्हणजे 'रन विदाउट डीबगिंग', नावातच सगळं आलं. काही लॅपटॉपवर एफ-५ लागू व्हायला एफएन बटणही सोबत दाबावं लागतं.

डीबगर खरंच जोडला असेल तर खालची पट्टी रंग बदलते आणि वर पॉज, स्टेप, स्टॉप या बटणांची छोटी पट्टी तरंगते. ती दिसली नाही तर पुढचं काहीही वाचू नका, आधी हेच सोडवा.

पेनड्राइव्हवरून किंवा मित्राकडून आणलेलं फोल्डर उघडताना 'या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का' असं एडिटर विचारतो. 'नाही' म्हटलं की रिस्ट्रिक्टेड मोड लागतो आणि त्यात डीबगिंग बंद असतं. ब्रेकपॉइंटही फोल्डरबरोबर प्रवास करत नाहीत. ते त्या मशीनवरच्या एडिटरच्या स्वतःच्या साठ्यात असतात. लॅबमध्ये लावलेले ठिपके घरी गायब दिसले तर काही बिघडलेलं नाही, पुन्हा लावा.

लाँच.जेसनमध्ये दोन-तीन कॉन्फिगरेशन असतील तर डीबगच्या कप्प्यात वर कोणतं निवडलेलं आहे ते बघा. एफ-५ शेवटी निवडलेलंच चालवतो, समोर उघडलेली फाइल नव्हे.

जी फाइल दिसते तीच चालते आहे का?

पोकळ ठिपक्याचं मूळ बहुतेक वेळा इथं सापडतं. ब्रेकपॉइंट म्हणजे फाइलीचा पूर्ण पाथ अधिक ओळ क्रमांक. नुसतं फाइलीचं नाव जुळून भागत नाही. गोव्यात पत्ता म्हणून फक्त 'देऊळवाडा' लिहिलं तर पत्र पोचेल का? देऊळवाडे गावोगाव आहेत. बुकिंग.पीवाय नावाच्या फायलीही तशाच प्रत्येक फोल्डरात असतात.

फर्मागुडी असो की फातोर्डा, कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर एकाच प्रोजेक्टच्या 'फायनल', 'फायनल-२' आणि 'फायनल सबमिशन' अशा प्रती पडलेल्या असतात. एडिटरमध्ये एक उघडी, टर्मिनल दुसऱ्या फोल्डरात. विंडोजमध्ये झिप न सोडवता आतल्या फाइलीवर डबल-क्लिक केलं तर टेंप फोल्डरातली तात्पुरती प्रत उघडते, ब्रेकपॉइंट तिच्यावर लागतो. वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप दोन जागी असू शकतो: एक युजर फोल्डरात थेट, एक वनड्राइव्हच्या आत.

खात्री करायला ब्रेकपॉइंट असलेल्या फाइलीत वरच एक ओळ टाका. पायथनमध्ये प्रिंट करा __फाइल__, नोडमध्ये कन्सोल.लॉग करा __फाइलनेम, पीएचपीमध्ये इको करा __फाइल__ (हे तिन्ही अक्षरशः तसेच, पीएचपीतलं कॅपिटलमध्ये). नोडमध्ये इंपोर्टवाली मोड्यूल असतील तर __फाइलनेम चालत नाही, तिथं इंपोर्ट.मेटा.यूआरएल वापरा. मग एडिटरमधल्या टॅबवर राइट-क्लिक करून 'कॉपी पाथ' घ्या आणि दोन्ही पाथ एकाखाली एक ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. काहीच छापलं गेलं नाही तर उत्तर मिळालंच: ही फाइल चालतच नाही.

पाथ जवळजवळ सारखे पण पूर्ण सारखे नाहीत, असंही होतं. नेटवर्कवरचं फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेलं असेल तर त्याच फाइलीला दोन पत्ते मिळतात. सिमलिंकचं (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या दुव्याचं) तसंच: नोड लिंक उलगडून मूळ पाथ घेतो, एडिटर लिंकचा पाथ सांगतो. उपाय म्हणजे मूळ फोल्डरच एडिटरमध्ये उघडणं. नोडला प्रिझर्व्ह-सिमलिंक्स हा फ्लॅग देऊनही भागतं, पण तो सगळीकडे न्यावा लागतो, म्हणून पहिला उपाय बरा. लिनक्सवर कॅपिटल बी आणि स्मॉल बी या वेगळ्या फायली, हे विंडोजवर वाढलेल्या प्रोजेक्टमध्ये उशिरा लक्षात येतं.

गोव्यातल्या मशीनवर पाथची आणखी एक भानगड असते. विंडोजचा युजर जुवांव किंवा कॉन्सेसांव असेल आणि नाव पोर्तुगीज पद्धतीनं लिहिलेलं असेल, म्हणजे ए-वर लाट आणि सी-खाली शेपटी, तर विंडोजवरच्या मिनजीडब्ल्यू या कंपायलरच्या संचातल्या जीडीबीला असा पाथ नीट वाचता येईलच असं नाही. देवनागरी नावाच्या फोल्डरचीही तीच गत. सी++ प्रोजेक्ट सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी, साध्या इंग्रजी अक्षरांच्या आणि मोकळी जागा नसलेल्या फोल्डरात हलवून बघा. ठिपका लगेच लाल झाला तर कारण कळलं.

पायथन

लाँच.जेसनमध्ये टाइपपुढे 'पायथन' असेल तर ते जुनं झालं. आता 'डीबगपाय' लिहायचं आणि पायथन डीबगर हे एक्स्टेंशन असायला हवं.

जस्टमायकोड मुळात ट्रू असतं, म्हणजे डीबगर फक्त तुमच्या कोडमध्ये थांबतो आणि साइट-पॅकेजेसमधल्या लायब्ररीत नाही. जँगोच्या (पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या) आत काय चाललंय ते बघायचं असेल तर लाँच.जेसनमध्ये ते फॉल्स करा. नावात एम आणि सी कॅपिटल, एवढं सांभाळा. चुकीच्या स्पेलिंगचं सेटिंग डीबगर मुकाट्यानं सोडून देतो. पण मामला कधी उलटाही असतो. स्वतःचंच पॅकेज पिपनं साधं इन्स्टॉल केलं असेल तर साइट-पॅकेजेसमधली प्रत चालते आणि तुम्ही सोर्स फोल्डरातली बघत असता. ते पॅकेज काढून पिप इन्स्टॉल डॅश-ई आणि पुढे टिंब, असं पुन्हा टाका. मग दोन्ही जागी एकच फाइल.

जँगोचा रनसर्व्हर कोड बदलला की स्वतःला पुन्हा सुरू करतो आणि त्यासाठी एक चाइल्ड प्रोसेस काढतो. एफ-५ने सुरू केलं तर डीबगपाय चाइल्ड प्रोसेसच्या मागेही जातो, पण सबप्रोसेस हे सेटिंग कोणी फॉल्स केलं असेल तर नाही. कोडमध्येच डीबगपाय.लिसन लिहिलं असेल तर ती ओळ दोन्ही प्रोसेसमध्ये चालते, आणि दुसरीला पोर्ट ५६७८ आधीच गुंतलेला मिळतो. डीबग करताना आर्ग्जमध्ये रनसर्व्हरपुढे दोन डॅश देऊन नोरीलोड लावणं सगळ्यात सुटसुटीत. फक्त मग कोड बदलला की सर्व्हर आपण स्वतः पुन्हा सुरू करायचा, नाहीतर मेमरीतला कोड जुना आणि ओळ क्रमांक नवे. फ्लास्कला नो-डीबगर आणि नो-रीलोड असे दोन्ही फ्लॅग द्या. त्याचा स्वतःचा ब्राउझरमधला डीबगर एररा आधीच पकडतो आणि तुमच्यापर्यंत काही पोचत नाही.

टेस्ट चालवताना ब्रेकपॉइंट लागत नाहीत पण प्रोग्राम नेहमीसारखा चालवला की लागतात, अशी लक्षणं असतील तर पायटेस्ट-कव्ह बघा. कव्हरेज मोजण्यासाठी तो पायथनचं जे ट्रेसिंग वापरतो त्यावरच डीबगरचीही भिस्त असते, आणि दोघांत कव्हरेज जिंकतं. डीबगच्या कॉन्फिगरेशनमध्ये एन्व्हखाली पायटेस्ट-अ‍ॅडऑप्ट्स या व्हेरिएबलला नो-कव्ह द्या.

जीइव्हेंट वापरत असाल तर लाँच.जेसनमध्ये जीइव्हेंट ट्रू लिहावं लागतं. गनिकॉर्न किंवा युव्हिकॉर्नचे चार वर्कर असतील तर विनंती कोणत्या वर्करकडे जाईल ते आपल्या हातात नाही. डीबगपुरता वर्कर एकच ठेवा. आणि डेफच्या ओळीवर ठिपका लावला तर तो फंक्शन तयार होताना लागतो, ते बोलावलं जाताना नाही. आतल्या पहिल्या ओळीवर लावा.

सी आणि सी++

इथं तीनच गोष्टी बघायच्या: कंपाइल कसं केलं, कुठली एक्झी चालते, डीबगर त्या कंपायलरचा आहे का.

कंपाइल करण्याची कमांड जिथं असते त्या टास्क्स.जेसनमधल्या आर्ग्जमध्ये डॅश-जी नसेल तर बायनरीत ओळींची माहितीच नसते, मग डीबगर शोधणार काय? डॅश-ओ-२ असेल तर कंपायलर ओळी एकमेकींत मिसळतो, फंक्शनं उलगडून आत भरतो आणि काही ओळी उडवूनही लावतो. ब्रेकपॉइंट पुढच्याच ओळीवर सरकतो किंवा उड्या मारतो. डॅश, कॅपिटल ओ आणि शून्य द्या. सीमेकमध्ये सीमेक-बिल्ड-टाइप रिकामा ठेवला तर डॅश-जी आपोआप येत नाही, तिथं डीबग लिहा. डॅश-एस दिलेला असेल तर काढा. तो सगळी सिम्बॉल्स पुसून टाकतो.

कंपाइल करताना एरर आली की एडिटर विचारतो: 'डीबग एनीवे'? सवयीनं तेच दाबलं जातं आणि कालची एक्झी चालते. लाँच.जेसनमधला प्रोग्राम आणि टास्कमधला डॅश स्मॉल ओनंतरचा पाथ एकच आहेत ना, आणि एक्झीची वेळ आत्ताची आहे ना, हे फाइल एक्सप्लोररमध्ये बघायला दहा सेकंद लागतात.

मायक्रोसॉफ्टच्या सीएल कंपायलरनं बनवलेली बायनरी जीडीबीला डीबग करता येत नाही, कारण तिची माहिती पीडीबी फाइलीत असते. तिथं टाइप सीपीपीव्हीएसडीबीजी हवा आणि कंपाइल करताना स्लॅश-झेडआय. जीसीसी असेल तर टाइप सीपीपीडीबीजी. दोन्ही कंपायलर एकाच मशीनवर असले की ही गल्लत ठरलेली.

जीडीबीला नेमकं काय माहीत आहे हे त्यालाच विचारता येतं. प्रोग्राम कुठेतरी थांबवा. स्टॉपअ‍ॅटएंट्री ट्रू केलं की मेनवरच थांबतो. मग डीबग कन्सोलमध्ये डॅश-एक्झेक, त्यापुढे इन्फो ब्रेकपॉइंट्स. 'पेंडिंग' दिसलं तर ओळ सापडलेली नाही. इन्फो सोर्सेस दिलं की बायनरीत नोंदलेले पाथ बाहेर येतात. ते दुसऱ्या मशीनचे असतील तर सोर्सफाइलमॅपमध्ये डावीकडे जुना पाथ, उजवीकडे आपला.

गो वापरणाऱ्यांना याच जातीचा त्रास स्वतः बांधलेल्या बायनरीला डीबगर जोडताना होतो. जीसीफ्लॅग्जमध्ये ऑल, त्यापुढे डॅश कॅपिटल एन आणि डॅश स्मॉल एल देऊन ऑप्टिमायझेशन बंद करा आणि ट्रिमपाथ काढा. एफ-५नेच बांधून चालवलं तर गोचा डीबगर डेल्व्ह हे स्वतः सांभाळतो.

टाइपस्क्रिप्ट, नोड आणि ब्राउझर

टाइपस्क्रिप्ट बहुतेक प्रोजेक्टमध्ये थेट चालत नाही, त्यातून निघालेली जावास्क्रिप्ट चालते. दोघांमधला दुवा म्हणजे सोर्स मॅप. टीएसकॉन्फिगमध्ये सोर्समॅप ट्रू आहे का, आणि लाँच.जेसनमधल्या आउटफाइल्सचा पॅटर्न डिस्ट फोल्डरपर्यंत पोचतो का, ते बघा. मग डिस्टमधली एखादी डॉट-मॅप फाइल उघडा. आत सोर्सेस नावाचा भाग असतो. तो पाथ त्या मॅप फाइलीपासून मोजत गेलात की तुमच्या टीएस फाइलीपाशी पोचता का? पोचत नसाल तर डीबगरही पोचत नाही. डिस्ट फोल्डर सरळ डिलीट करून नव्यानं बिल्ड करणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे आणि तो आधी करावा. जुन्या बिल्डचे उरलेले मॅप फार फसवतात.

जावास्क्रिप्टच्या डीबगरची एक कमांड कमी लोकांना माहीत आहे. डीबगिंग चालू असताना कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा आणि 'डीबग: डायग्नोज ब्रेकपॉइंट प्रॉब्लेम्स' शोधा. कोणता ब्रेकपॉइंट का बसला नाही, कोणत्या फायली प्रोग्रामात लोड झाल्या, त्यांचे मॅप कुठं बोट दाखवतात, सगळं एका पानावर येतं. वरचे सगळे अंदाज बांधण्यापेक्षा हे पान वाचणं स्वस्त.

जेस्टच्या टेस्ट वेगवेगळ्या वर्करांत पळतात. रन-इन-बँड दिलं की सगळ्या एकाच प्रोसेसमध्ये येतात.

ब्राउझरमध्ये दोन सेटिंगं निर्णायक. यूआरएलमधला पोर्ट डेव्ह सर्व्हरचाच हवा: व्हीट मुळात ५१७३ घेतो, अँग्युलर ४२००. पोर्ट गुंतलेला असला की व्हीट पुढचा घेतो आणि तुम्ही जुन्याच पानावर बसून राहता. दुसरं वेबरूट, म्हणजे साइटचा कोड ज्या फोल्डरात आहे ते. पर्वरीतल्या एखाद्या होमस्टेच्या साइटचा कोड 'फ्रंटएंड' आणि 'बॅकएंड' अशा दोन फोल्डरांत असेल आणि एडिटरमध्ये बाहेरचं फोल्डर उघडलं असेल, तर वेबरूटमध्ये वर्कस्पेसफोल्डरपुढे स्लॅश फ्रंटएंड लिहावं लागतं. वेबपॅकमध्ये डेव्हटूलपुढे सोर्स-मॅप किंवा इव्हल-सोर्स-मॅप द्या.

पान उघडताच पळणारा कोड डीबगर सावरेपर्यंत संपलेला असतो. पान एकदा रीफ्रेश करा. तरी नाही तर कोडमध्ये डीबगर आणि अर्धविराम अशी ओळ लिहा. ती सोर्स मॅपवर अवलंबून नसते. तिच्यावर थांबला आणि ठिपक्यावर नाही, तर दोष मॅपमध्ये आहे हे पक्कं. सर्व्हिस वर्कर जुनी जावास्क्रिप्ट देत असेल तर क्रोमच्या अ‍ॅप्लिकेशन टॅबमधून तो अनरजिस्टर करा.

आधीच चालू असलेल्या क्रोमला जोडायचं तर तो रिमोट-डीबगिंग-पोर्ट ९२२२ देऊन उघडलेला हवा. क्रोम १३६पासून नेहमीच्या प्रोफाइलवर हा फ्लॅग चालत नाही, युजर-डेटा-डिरमध्ये वेगळं फोल्डर द्यावं लागतं. जुन्या सूचना वाचून इथं बरेच जण अडकतात.

पीएचपी

हॉटेलांच्या, टूर ऑपरेटरांच्या साइट बऱ्याचदा पीएचपीत असतात आणि मशीनवर झॅम्प (अपाचे सर्व्हर आणि पीएचपी एकत्र देणारा संच) असतो. इथं उलटं लक्षात ठेवायचं: एडिटर पीएचपीला जोडायला जात नाही, एक्सडीबग एडिटरकडे येतो. एडिटर फक्त कान देऊन बसतो, म्हणून फायरवॉलनं येणारी जोडणी अडवली की चिडीचूप.

नेटवर सापडणारे अर्धे उपाय एक्सडीबग २चे आहेत. रिमोट-एनेबल आणि पोर्ट ९००० दिसलं की ते पान बंद करा. एक्सडीबग ३मध्ये पीएचपी.आयएनआयत एक्सडीबग.मोड इज इक्वल टू डीबग, एक्सडीबग.स्टार्ट_विथ_रिक्वेस्ट इज इक्वल टू येस, आणि पोर्ट ९००३. लाँच.जेसनमध्येही ९००३च. मग अपाचे पुन्हा सुरू करा.

कोणती आयएनआय बदलली हे तपासा, कारण टर्मिनलमधल्या पीएचपीची आणि अपाचेची वेगळी असू शकते. ब्राउझरमध्ये पीएचपीइन्फो उघडा आणि 'लोडेड कॉन्फिगरेशन फाइल' बघा. त्याच पानावर एक्सडीबगचा भाग नसेल तर डीएलएल लोडच झालेली नाही. पीएचपीची आवृत्ती किंवा थ्रेड-सेफचा प्रकार जुळत नसावा. पीएचपीइन्फोचा पूर्ण मजकूर एक्सडीबगच्या साइटवरच्या विझार्डमध्ये पेस्ट केला की नेमकी कोणती डीएलएल घ्यायची ते तो सांगतो. एक्सडीबग लोड झाला तरी थांबत नसेल तर एक्सडीबग_इन्फो हे फंक्शन बोलवा, जोडणी कुठं फसली ते तिथं दिसतं.

कंटेनर, डब्ल्यूएसएल आणि दुसरं मशीन

प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या फायली असलेल्या बंदिस्त जागेत, असेल तर त्याचा पाथ स्लॅश-अ‍ॅप किंवा स्लॅश-व्हार-स्लॅश-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असा काहीतरी, आणि तुमचा वेगळा. पायथनमध्ये पाथमॅपिंग्ज, त्यात लोकलरूट आणि रिमोटरूट. नोडमध्ये हीच दोन नावं थेट लिहायची. पीएचपीच्या पाथमॅपिंग्जमध्ये डावीकडे सर्व्हरचा पाथ, उजवीकडे आपला. उलटसुलट झालं तर जोडणी होते पण ठिपके लागत नाहीत. कंटेनरमधल्या एक्सडीबगला एडिटरचा पत्ता म्हणून क्लायंट_होस्टमध्ये होस्ट.डॉकर.इंटर्नल द्या. लिनक्सवर हे नाव आपोआप मिळत नाही, कंपोज फाइलीत एक्स्ट्रा-होस्ट्समध्ये होस्ट-गेटवे जोडावं लागतं.

डीबगपायनं कंटेनरच्या आत ०.०.०.० वर ऐकायला हवं, नाहीतर बाहेरून जोडताच येत नाही. पण पोर्ट बाहेर काढताना पुढे १२७.०.०.१ लावा: १२७.०.०.१, मग ५६७८, मग ५६७८. नोडच्या ९२२९लाही तेच. डीबग पोर्टला पासवर्ड नसतो, आणि तिथं पोचणारा कोणीही तुमच्या मशीनवर हवा तो कोड चालवू शकतो. आसगाव-हणजुण्याच्या कॅफेत बसून उघड्या वायफायवर काम करणाऱ्यांनी ही सवय सोडूच नये.

डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये, फोल्डर विंडोजच्या बाजूनं न उघडता डब्ल्यूएसएलच्या टर्मिनलमधून कोड आणि टिंब असं देऊन उघडा. भाषेचं एक्स्टेंशन तिकडच्या बाजूला वेगळं इन्स्टॉल करावं लागतं. एक्स्टेंशनच्या पानावर तसं बटण येतं.

पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, राउटर मात्र बंद पडतो. एसएसएचनं जोडलेल्या मशीनवरचा प्रोग्राम तसाच चालत राहतो आणि पोर्ट धरून ठेवतो. वीज आल्यावर नव्यानं सुरू केलेला डीबगर त्या जुन्या प्रोसेसलाच जोडला जातो आणि नव्या कोडवरचे ठिपके त्याच्या गावीही नसतात. लिनक्सवर एलएसओएफ डॅश-आय, मग कोलन आणि पोर्ट, विंडोजवर नेटस्टॅट डॅश-एएनओ. मिळालेला प्रोसेस क्रमांक बंद करा आणि मग सुरू करा.

ठिपका लाल आहे, तरी थांबत नाही

मग ओळ चालत नाही. आधी ठिपक्यावर राइट-क्लिक करून कंडिशन आहे का बघा. खोली इज इक्वल टू इज इक्वल टू १०१ अशी अट लिहिली, पण फॉर्ममधून खोली क्रमांक स्ट्रिंग म्हणून येत असेल, तर पायथनमध्ये ती अट कधीच खरी होणार नाही. हंगामाचं नाव 'चवथ' याच्याशी जुळवताना डेटाबेसमध्ये शेवटी एक स्पेस राहिलेली असली तरी तेच. हिट काउंट १० असेल तर पहिले नऊ फेरे तो सोडून देतो. अट काढून साधा ठिपका लावा. लागला तर अटच चुकीची.

उत्तर कॅशमधून येत असेल तर सर्व्हरवरचं फंक्शन बोलावलंच जात नाही. त्याच नावाचं फंक्शन दुसऱ्या फाइलीत असू शकतं, एररमुळे आधीच परत फिरणं झालेलं असू शकतं. ठिपका मागे मागे सरकवत न्या: ज्या फंक्शननं बोलवायला हवं त्यात, मग त्याच्याही आधी. कुठंतरी थांबतो. तिथून एफ-१०नं एकेक ओळ पुढे गेलात की वाट कुठं वळली ते डोळ्यांनी दिसतं. गिटमध्ये ब्रँच बदलल्यावर ठिपका जुन्या ओळ क्रमांकावरच राहून भलत्याच, कधीच न चालणाऱ्या ओळीवर बसलेला असतो, तेही बघून घ्या.

तरीही नाही

सगळे ब्रेकपॉइंट काढून टाका, कमांड पॅलेटमधून 'डेव्हलपर: रीलोड विंडो' द्या, एकच नवा ठिपका लावा. एखादं एक्स्टेंशन आडवं येतंय अशी शंका असेल तर 'स्टार्ट एक्स्टेंशन बायसेक्ट' वापरा. ते दर वेळी निम्मी एक्स्टेंशनं बंद करून दोषी शोधून देतं. जावासाठी 'क्लीन जावा लँग्वेज सर्व्हर वर्कस्पेस' ही वेगळी कमांड आहे आणि ती पुष्कळदा पुरते.

त्यापुढे लॉग. लाँच.जेसनमध्ये जावास्क्रिप्टसाठी ट्रेस ट्रू, पायथनसाठी लॉगटूफाइल ट्रू, सी++साठी लॉगिंगच्या आत इंजिनलॉगिंग ट्रू, पीएचपीसाठी लॉग ट्रू. लॉगमध्ये सेटब्रेकपॉइंट्स शोधा. एडिटरनं पाठवलेला पाथ तिथं जसाच्या तसा असतो आणि पुढे अ‍ॅडॅप्टरचं उत्तर. व्हेरिफाइड फॉल्स असेल तर शेजारच्या मेसेजमध्ये बहुधा कारणही असतं. हा लॉग मदतीसाठी कोणाला पाठवण्याआधी त्यातला एन्व्हचा भाग काढून टाका. डेटाबेसचा पासवर्ड लाँच.जेसनमध्ये लिहिलेला असेल तर तो लॉगमध्येही येतो.